कमरेतल्या इंजेक्शनावरचा आळ

सिझेरियन होऊन तीन-चार वर्षं झालेल्या बाईला कंबर का दुखते असं विचारलं, तर उत्तर बहुधा ठरलेलं असतं. ‘ते कमरेत इंजेक्शन दिलं ना, तेव्हापासून.’ शेजारच्या दोघी-तिघी माना डोलावतात आणि विषय तिथेच संपतो. तो तिथे संपतो, याचंच मला सगळ्यांत जास्त वाईट वाटतं. दोष एकदा सुईच्या माथी मारला की करण्यासारखं काही उरत नाही. टोचलेली सुई मागे घेता येत नाही. मग ती बाई ओट्याशी एका पायावर भार टाकून उभी राहते, रात्री मलम चोळून घेते आणि वर्षं काढते. खरी कारणं मात्र तिच्या उभं राहण्यात, वाकण्यात, बाळाला पाजण्यात असतात, आणि त्यातली बरीचशी बदलता येतात.

आधी त्या भुलीच्या सुईचं बघू. पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या मणक्याच्या आसपास संपतो. भूलतज्ज्ञ त्याच्या बरंच खाली, बहुतेक वेळा तिसऱ्या आणि चौथ्या मणक्यांमधल्या फटीतून सुई घालतात. तिची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. ती हाड फोडत नाही, मणका सरकवत नाही. औषधाचा अंमल दोन-तीन तासांत उतरतो आणि टोचलेली जागा काही दिवस हुळहुळते. या इंजेक्शनाचा एक त्रास मात्र खरा आहे: पहिल्या चार-पाच दिवसांत बसलं किंवा उभं राहिलं की डोकं जोरात ठणकतं आणि आडवं झालं की शांत होतं. तसं झालं तर उन्हाची, जागरणाची सबब न काढता त्याच दवाखान्यात लगेच कळवावं. त्यावर उपाय आहे.

संशय डॉक्टरांनाही आला होता. १९९० साली ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत, प्रसूतीच्या वेळी कमरेतून वेदनाशामक घेतलेल्या बायकांनी पुढे पाठदुखीची तक्रार जास्त केली होती. पण ती उत्तरं बऱ्याच काळानंतर आठवून दिलेली होती. पुढे चिठ्ठ्या टाकून गट पाडले, एका गटाला कमरेतून वेदनाशामक दिलं, दुसऱ्याला वेगळं काही दिलं आणि दोन्ही गटांची नंतर विचारपूस केली, तेव्हा दीर्घकाळच्या पाठदुखीत फरक दिसला नाही. आणि अभ्यास बाजूला ठेवले तरी एक पुरावा घरातच आहे. बाळंतिणीच्या कमरेला कोमट तेल, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, ओव्या-शेपाची धुरी हे सगळं या इंजेक्शनाच्या कितीतरी आधीचं आहे. पणजीची कंबर दुखत होती, म्हणून तो शेक होता.

मग दुखतं कशाने? नऊ महिन्यांत गर्भाशय साठ-सत्तर ग्रॅमचं किलोभराचं होतं. त्यात तीनेक किलोचं बाळ, अर्धा किलो वार, पाऊण ते एक लिटर पाणी. म्हणजे पाच किलोंच्या आसपास ओझं कण्याच्या पुढे लटकतं. भरलेली बादली अंगाशी धरली तर जड वाटत नाही, तीच हात लांब करून धरली की खांदा भरून येतो. कमरेच्या स्नायूंचं तेच होतं. शिवाय पोटाचे स्नायू ताणून लांब झालेले, त्यामुळे पुढून सावरणारं कोणी नाही. वजनाचा मध्य पुढे सरकतो आणि तोल राखायला बाई आपोआप मागे रेलते. निम्म्याहून अधिक गरोदर बायकांची कंबर कधी ना कधी दुखते, आणि सुरुवात बहुधा पाचव्या ते सातव्या महिन्याच्या दरम्यान होते.

हे मागे रेलणं म्हणजे चूक नव्हे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असं दिसलं, की कमरेच्या बाकाला आकार देणारे पाचरीसारखे मणके पुरुषांत दोन, तर बायकांत तीन असतात. बाक जास्त मणक्यांत वाटला जातो, म्हणून गरोदरपणी तो वाढला तरी एकाच जागी ताण येत नाही. वीस लाख वर्षांहून जुन्या, दोन पायांवर चालणाऱ्या आपल्या पूर्वजांच्या सांगाड्यांतही हा फरक सापडतो. म्हणून ‘पोट आत घे, ताठ उभी राहा’ हा उपदेश गरोदर बाईला करू नये. बाक राहू द्यावा. सुधारायचं ते वेगळं: गुडघे मागे कुलूप लावल्यागत ताठ होतात, ओटीपोट पुढे टाकलं जातं, खांदे मागे लोंबतात आणि मान पुढे येते. गुडघे जरा सैल सोडावेत, भार टाचांवरून अख्ख्या तळव्यावर आणावा आणि छातीचा पिंजरा ओटीपोटाच्या बरोबर वर येईल असं उभं राहावं. बाजूने आरशात पाहिलं की हे लगेच कळतं.

दुखणं नेमकं कुठे आहे हे बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे, कारण उपाय जागेप्रमाणे बदलतात. कमरेच्या मध्यावर, पट्टा बांधतो त्या उंचीला दुखत असेल तर तो स्नायूंचा थकवा असतो. संध्याकाळी वाढतो, आडवं झालं की कमी होतो. पण त्याच्या खाली, बसल्यावर जमिनीला टेकतो त्या भागाच्या वर एका बाजूला, किंवा पुढे जांघेच्या मधल्या हाडावर दुखत असेल, तर तो कटीच्या, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या कड्याच्या, सांध्यांचा त्रास आहे. पाचांतल्या एका गरोदर बाईला तो होतो. पुढचा सांधा एरवी चार-पाच मिलिमीटर रुंद असतो आणि या काळात दोन-तीन मिलिमीटर आणखी सैल होतो. कमरेसाठी सांगितलेला ‘रोज भरपूर चाला’ हा सल्ला इथे दुखणं वाढवतो.

या दुखण्याची खूण अशी, की एका पायावर भार आला की कळ येते. जिना चढताना, उभ्याने सलवार घालताना, रिक्षातून एक पाय बाहेर टाकताना, रात्री कूस बदलताना. म्हणून कपडे पलंगावर बसून घालावेत. रिक्षात किंवा गाडीत आधी पाठमोरं बसावं, मग दोन्ही गुडघे जोडून पाय आत घ्यावेत. जिन्यावर एकेक पायरी: चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी. साडी नेसून स्कूटरवर एका बाजूला पाय सोडून बसलं की कटी पिळली जाते, तेव्हा ते टाळावं. आणि थोरल्याला कडेवर घेणं थांबवावं. हे सांगायला सोपं, करायला अवघड आहे, पण दोन वर्षांचं मूल दहा-अकरा किलोंचं असतं आणि कडेवर घेताना एक खुबा बाहेर काढावा लागतो. सैल सांध्याला याहून वाईट काही नाही. बसावं आणि त्याला मांडीवर चढू द्यावं. पट्टा वापरायचा तर तो कमरेला नव्हे, बाजूला हाताला लागणाऱ्या हाडाच्या कडेच्या खाली, खुब्यांभोवती बांधायचा. दुकानातून आणलेला पट्टा बहुतेक जणी वर बांधतात आणि मग ‘काही उपयोग नाही’ म्हणून कपाटात टाकतात.

स्वयंपाकघराकडे कोणी फारसं बघतच नाही, आणि माझ्या मते निम्मं दुखणं तिथे तयार होतं. विळीवर भाजी चिरताना एक गुडघा दुमडलेला, पाय विळीच्या पाटावर, धड पुढे आणि जरा वळलेलं. सहाव्या महिन्यानंतर मध्ये पोट येतं आणि वाकणं पाठीच्या वरच्या भागातून होऊ लागतं. त्या काळात विळी बाजूला ठेवून टेबलाशी खुर्चीवर बसून सुरीने चिरावं. ओट्याची उंची साधारण बत्तीस ते चौतीस इंच असते. चिरायला, निवडायला कोपराच्या चार-सहा इंच खाली पृष्ठभाग असला की खांदे सैल राहतात. कणिक मळायला, भाकरी थापायला जोर लावावा लागतो, म्हणून तो आणखी खाली हवा. बुटक्या बाईने पायाखाली रुंद, न डुगडुगणारा पाट घेऊन दोन्ही पाय त्यावर ठेवावेत, किंवा परात खालच्या टेबलावर घ्यावी. पोट मोठं झालं की ओट्यापासून वीतभर लांब उभं राहावं लागतं; अशा वेळी मागच्या बर्नरवर जड पातेलं ठेवू नये. एक पाय चार इंच उंच पाटावर आणि दर काही मिनिटांनी पाय बदलणे हा उपाय कंबरेसाठी उत्तम आहे. कटीचा सांधा दुखत असेल तर मात्र तो करू नये, तिथे उंच स्टूल बरं.

केरसुणीने वाकून झाडणं आणि उकिडवं बसून फरशी पुसणं याबद्दल घरोघरी एक समजूत आहे, की त्याने बाळंतपण सुलभ होतं. ज्या बाईला काही दुखत नाही तिने उकिडवं बसायला हरकत नाही. पण पुसताना धड वळतं, एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर भार जातो, आणि जांघेतल्या हाडात कळ येत असताना ते रेटणं म्हणजे स्वतःला इजा करणं आहे. लांब दांड्याचा झाडू, दांड्याचा पोछा, आणि ते काम घरातल्या दुसऱ्या कोणी करणं. शेवटचा उपाय सगळ्यांत परिणामकारक.

आणि जिला ओटाच नाही तिचं काय? बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बायका सहाव्या-सातव्या महिन्यातही डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीवर चढतात. तिथे ‘उभं राहण्याची पद्धत’ सांगणं अपुरं आहे. ओझं उचलणंच थांबलं पाहिजे आणि त्या दिवसांची मजुरी मिळाली पाहिजे.

झोपेबद्दल थोडक्यात. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर झोपताना कुशीवर झोपावं. डावीच कूस हवी असा आग्रह धरून उजवा खुबा दुखत असताना रात्रभर जागणाऱ्या कितीतरी जणी आहेत. उजवी कूसही चालते. जाग आल्यावर पाठीवर असलात तर घाबरायचं नाही, वळायचं. उशी दोन गुडघ्यांच्या मध्ये ठेवताना ती घोट्यापर्यंत पोचली पाहिजे, नाहीतर वरचा पाय खाली लोंबतो आणि कटी पिळते. घडी घातलेली ओढणी पोटाखाली. वळताना गुडघे दुमडून एकमेकांना चिकटवावेत आणि खांदे-खुबे एकत्र फिरवावेत. उठताना आधी कुशीवर, मग पाय खाली, मग हातांच्या जोरावर. पोटरीत गोळा आला तर पोटरी दाबत बसण्याऐवजी पायाची बोटं आपल्याकडे ओढून धरावीत.

आता बाळंतपणानंतरचं, ज्याबद्दल आपल्याकडे लाडू भरपूर आणि माहिती कमी आहे.

प्रसूतीच्या दिवशी पाच-सहा किलो एकदम उतरतात. उभं राहण्याची सवय मात्र उतरत नाही. पोट नसतानाही बाई तशीच मागे रेलून, ओटीपोट पुढे टाकून उभी राहते, आणि आता त्याच पुढे आलेल्या ओटीपोटावर बाळ टेकवते. सांधे पुढचे काही महिने सैलच असतात. बाळाचं वजन मात्र पाच-सहा महिन्यांत दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होतं. अंग सावरण्याचा वेग आणि ओझं वाढण्याचा वेग यांत ओझं पुढे धावतं, आणि कंबर दुखायला लागते ती बहुधा इथे. इंजेक्शनाच्या दिवशी नव्हे.

पोटाच्या मध्यरेषेवर, बेंबीच्या वर-खाली, दोन उभ्या स्नायूंमध्ये एक पांढरी पट्टी असते. शेवटच्या तिमाहीत जवळजवळ प्रत्येकीची ही पट्टी ताणून रुंद होते. घरी बघायचं असेल तर पाठीवर झोपून गुडघे दुमडावेत, बोटं बेंबीवर आडवी ठेवावीत, श्वास सोडत फक्त डोकं उचलावं. दोन्ही बाजूंच्या कडा लागतील. मध्ये किती बोटं बसतात ते बघावं, मग दोन इंच वर आणि दोन इंच खाली तेच करावं. दोन बोटांपेक्षा जास्त अंतर म्हणजे अजून भरायचं आहे. मला रुंदीपेक्षा खोली महत्त्वाची वाटते: बोट आत मऊ बुडतं की खाली ताण लागतो? ताण लागत असेल तर थोडी रुंदी राहिली तरी पोट काम करतं. हे अंतर पहिल्या आठ आठवड्यांत वेगाने भरतं, पुढे वेग मंदावतो. नेमक्या त्याच काळात पोट कमी करायच्या घाईत दोन्ही पाय एकदम उचलणं, नौकासन, उठाबशा सुरू केल्या, की मध्यरेषा छपरासारखी वर येते आणि ताण चुकीच्या जागी जातो. तसा फुगवटा दिसला की तो व्यायाम अजून तुमचा नाही. बेंबीपाशी दाबूनही आत न जाणारी, दुखरी गाठ असेल तर सर्जनला दाखवावी.

सुरुवात श्वासाने करायची. कुशीवर किंवा पाठीवर पडून, श्वास सोडताना मूत्र आणि वारा एकदम अडवावा तसं आतून वर उचलायचं आणि ओटीपोट हलकं आत घ्यायचं. आधी तीन-चार सेकंद, हळूहळू दहा सेकंदांपर्यंत, दहा वेळा, मग दहा भरभर, दिवसातून तीनदा. नैसर्गिक प्रसूतीनंतर दुसऱ्या दिवसापासून, सिझेरियननंतर लघवीची नळी काढल्यावर. चूक होते ती श्वास कोंडण्यात आणि नितंब आवळण्यात. प्रत्यक्ष लघवी करताना धार अडवून हा सराव करू नये. धावणं, उड्या बारा आठवड्यांच्या आधी नकोत, आणि त्यानंतरही शिंकताना लघवी गळत नसेल तरच.

पोट बांधण्याबद्दल घरात वाद असतात. जुन्या सुती लुगड्याची पट्टी आधार देते, सिझेरियननंतर खोकताना, उठताना टाके कमी दुखतात, आणि एवढ्यासाठी ती चांगलीच आहे. पण त्याने स्नायूंमधलं अंतर मिटतं किंवा पोट ‘आत जातं’ असं नाही. बांधायचं ते खालून वर, खुब्यांपासून सुरुवात करून. आत तळहात सपाट सरकला पाहिजे, श्वास पूर्ण घेता आला पाहिजे. वरून करकचून आवळलं तर दाब खाली जातो, जिथे ओटीपोटाचा तळ, म्हणजे लघवी आणि वारा अडवणारे स्नायू, आधीच ताणलेला असतो. झोपताना आणि जेवताना सोडावं. त्याच तळाचा आणखी एक शत्रू म्हणजे बाळंतिणीला पाणी कमी देण्याची रीत: पाणी कमी, शौच कडक, आणि मग कुंथणं. तिला दूध तयार करायचं असतं. तहान लागेल तितकं पाणी द्यावं. सव्वा महिन्याची विश्रांती मोलाची आहे, तिच्यामुळे ओझं उचलणं टळतं. पण विश्रांती म्हणजे पडून राहणं नव्हे. सहा आठवड्यांपर्यंत पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका जास्त असतो, म्हणून घरातल्या घरात दिवसातून अनेकदा चालावं. एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली, तर तिला मालिश न करता दवाखाना गाठावा.

पाजणं हे या काळातलं सगळ्यांत लांब काम आहे. दिवसातून आठ ते बारा वेळा, वीस-तीस मिनिटं धरली तरी चार-पाच तास होतात. एवढा वेळ मांडी घालून, पाठ टेकायला काही नसताना, मान खाली घालून बसणारी बाई कोणत्याही इंजेक्शनाविना कंबर आणि मान दोन्ही गमावू शकते. जमिनीवरच बसायचं असेल तर चार-सहा इंच जाडीची सतरंजीची घडी बुडाखाली घ्यावी, म्हणजे गुडघे खुब्यांच्या खाली येतात. पाठ भिंतीला, कमरेमागे टॉवेलची गुंडाळी, मांडीवर घट्ट उशी. बाळ छातीपर्यंत वर आणायचं, छाती बाळाकडे न्यायची नाही. खुर्चीवर पाय लोंबत असतील तर खाली पाट. रात्री कुशीवर पडून पाजता येतं, बाळामागे गोधडीची गुंडाळी लावून. मात्र झोप अनावर होत असेल तर आधी बाळाला शेजारी नीट निजवावं.

बाळाला काखेत अंगठे घालून उचलत राहिलं की काही आठवड्यांत मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला कळ सुरू होते. अंगठा मुठीत घेऊन मूठ करंगळीकडे वाकवली आणि जीव कळवळला, तर तेच. उचलताना तळवे वर करून एक हात बुडाखाली, एक मानेखाली घालावा, भार कोपरापासूनच्या हातावर घ्यावा, आणि अंगठ्याला आधार देणारी पट्टी काही आठवडे लावावी. त्याने थांबलं नाही तर तिथे दिलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन चांगलं लागू पडतं, पाजत असतानाही. पायांवर घेऊन अंघोळ घालणं ही सरावलेल्या मावशींची कला आहे. टाके ताजे असलेल्या आईने पाय पसरून, पुढे वाकून, तेलकट बाळ सांभाळण्याचा हट्ट धरू नये. कमरेच्या उंचीच्या टेबलावर टब ठेवावा.

गोळ्यांबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या कंबरदुखीच्या गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर बहुधा डायक्लोफेनॅक किंवा असिक्लोफेनॅक असतं. गरोदरपणात, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर, ती घेऊ नयेत. बाळाच्या मूत्रपिंडांवर आणि पुढे हृदयाजवळच्या रक्तवाहिनीवर परिणाम होतो. नुसतं पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून चालतं. कॅल्शियम सरकारी दवाखान्यात चौदाव्या आठवड्यापासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत मिळतं, रोज पाचशे मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या. लोहाच्या गोळीपासून दोन तासांचं अंतर ठेवून घ्याव्यात.

काही दुखणी मात्र बसण्या-उठण्याची नसतात. सदतीस आठवड्यांच्या आधी कंबर लाटेसारखी, ठरावीक वेळाने भरून येत असेल तर ती कळा असू शकते. जांघेभोवती बधिरपणा, लघवीवरचा ताबा जाणं, पायातली ताकद कमी होणं यात एक दिवसही थांबू नये. बाळंतपणानंतर संध्याकाळचा ताप, वजन घटणं आणि रात्री वाढणारी पाठदुखी एकत्र असतील तर आपल्याकडे मणक्याच्या क्षयाचा विचार करावाच लागतो.

दीड महिन्याला बाळाची लस असते. त्या दिवशी आई बाळाला घेऊन रांगेत तासभर उभी असते आणि तिची कंबर, पोट, मनगट कोणी बघत नाही. त्याच दिवशी स्वतःसाठीही केसपेपर काढून घ्यावा. डॉक्टरांना ‘कंबर दुखते’ एवढंच न सांगता जागा बोटाने दाखवावी, कशाने वाढतं ते सांगावं, मध्यरेषेतलं अंतर आणि ओटीपोटाच्या तळाची ताकद तपासायला सांगावी, लघवी गळत असेल तर लाजून लपवू नये, आणि फिजिओथेरपिस्टकडे चिठ्ठी मागून घ्यावी.